दगडी वाफ्यात विष्णुक्रांता की चिनी गुलाब?

चिनी गुलाब मूळचा दक्षिण अमेरिकेचा. फांदी मोडून खोवली की लागतो, उन्हात भडक फुलतो. पण काळ्या मातीत पावसाचं पाणी थांबलं की त्याचे मांसल देठ सडतात.

विष्णुक्रांता आपल्याच माळरानाची. मुळाशी काष्ठमय गड्डा, अंगावर पाणी जपणारी रेशमी लव, जमिनीलगत पसरलेल्या बारीक फांद्या आणि त्यांवर सकाळी उमलणारी इवली निळी फुलं! विदर्भाच्या ४५ अंशांच्या उन्हात वरचा भाग वाळला, तरी गड्ड्यातून ती पुन्हा फुटू शकते. तिच्यासाठी वाफ्यात मुरूम जास्त, माती कमी, शेणखत नावापुरतं. गायरानातून उपटू नका, मुळं तुटतात, बी आणा. मी तिलाच निवडेन. चिनी गुलाब कुंडीत शोभतो.