भिगवण की नांदूर मध्यमेश्वर?

थंडीत पक्ष्यांचे फोटो काढायला कुठे जायचं असं कोणी विचारलं की मी आधी लेन्स विचारतो. ४०० मिमी पर्यंतची झूम असेल, त्यात पहिलीच वेळ असेल तर सरळ भिगवण गाठा. उजनी धरणाच्या बॅकवॉटरला कुंभारगाव नाहीतर डिकसळहून होडी मिळते, त्यात खाली वाकून बसलं की फ्लेमिंगो अगदी डोळ्यांच्या लेव्हलला येतो, उलटी चोच चिखलात घालून खातो आणि मान वर केली की चोचीतून गळणारं पाणीसुद्धा फोटोत दिसतं. होडी हलते त्यामुळे ट्रायपॉड घरीच ठेवा आणि शटर स्पीड १/१६०० सेकंदाच्या आसपास. आणि उडतानाचा फोटो हवा म्हणून नावाड्याला थव्यात होडी घालायला सांगू नका प्लीज, ते तिथे पोट भरायला आलेले असतात.

नांदूर मध्यमेश्वर (निफाडजवळ, २०२० मध्ये जाहीर झालेलं राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) वेगळं आहे, तिथे वॉच टॉवरवरून बघायचं, अँगल वरचा, अंतर जास्त, ६०० मिमीच्या लेन्सशिवाय फारसं काही हाती लागत नाही. पण ट्रायपॉड लावून निवांत बसता येतं, आणि दलदली भोवत्या (शिकारी पक्षी) घिरट्या घालायला लागला की सगळी बदकं एकदम उठतात, त्यासाठी कॅमेरा बर्स्टवरच (एकापाठोपाठ फोटो काढणारा मोड) ठेवा.