लोकी की फ्लॅश : दुसरा सीझन कुणाचा बघावा?

माझ्या भाच्याची इंजिनिअरिंगची परीक्षा संपली आणि दुसऱ्याच दिवशी कोल्हापूरच्या राजारामपुरीतून फोन आला. ‘मामा, फ्लॅशचा दुसरा सीझन बघू की लोकीचा? पहिला दोन्हींचा झालाय. पंधरा दिवस हायत हातात.’ दोन मिनिटांत सांगून होण्यासारखं नव्हतं, म्हणून दोन्ही सीझन पुन्हा बघितले आणि मगच लिहायला बसलो. शेवट कुणाचाच फोडणार नाही.

फ्लॅश म्हणजे विजेच्या वेगानं धावणारा बॅरी, लोकी म्हणजे काळाच्या घोळात अडकलेला लबाड देव. अचाट शक्तीच्या नायकांच्या अशा मालिकांची खरी परीक्षा दुसऱ्या सीझनला असते. पहिल्यात नायकाला शक्ती मिळते, ती त्याला पेलायला जमते, या नवलाईवरच गाडी निघते. दुसऱ्यात नवलाई संपलेली असते. ‘हीरोज’चं उदाहरण घ्या. पहिला सीझन २३ भागांचा, पण २००७ साली अमेरिकेतल्या लेखकांच्या संपानं दुसरा ११ भागांवरच थांबला आणि ती मालिका पुन्हा पहिल्यासारखी उभी राहिली नाही. फ्लॅश आणि लोकी दोघंही ही परीक्षा पास झालेत, पण वेगवेगळ्या रस्त्यांनी.

आधी वेळेचा हिशेब. फ्लॅशचा दुसरा सीझन २३ भागांचा, ऑक्टोबर २०१५ ते मे २०१६ असा आठवड्याला एक दाखवलेला. भाग चाळीसेक मिनिटांचा, म्हणजे सगळे मिळून सोळाएक तास. लोकीचा २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आला, फक्त सहा भाग, पाचएक तासांत संपणारा. एकाला रोज दोन-दोन भाग बघत दोन आठवडे द्यावे लागतात, दुसरा बाहेर पाऊस लागलेल्या शनिवार-रविवारात उरकतो.

फ्लॅशमध्ये या वेळी दुसरी पृथ्वी येते. बॅरीच्या शहरावर, सेंट्रल सिटीवर, ५२ छिद्रं पडलीत आणि त्यांतून तिकडची माणसं इकडं यायला लागलीत. ही कल्पना जुनी आहे. १९६१ च्या एका कॉमिकमध्ये दोन जगांतले दोन फ्लॅश पहिल्यांदा भेटले होते. दुसऱ्या भागाला त्याच गोष्टीचं नाव दिलंय आणि त्या अंकाचं मुखपृष्ठही एका दृश्यात जसंच्या तसं उभं केलंय. तेरावा-चौदावा भाग प्रत्यक्ष त्या दुसऱ्या पृथ्वीवर घडतो. जुन्या धाटणीच्या इमारती, ओळखीच्याच चेहऱ्यांची वेगळी नशिबं, आणि तिथं बॅरीला जे घर दिसतं ते बघून पोटात कालवतं.

खलनायक झूम. टोनी टॉडचा तो खर्जातला आवाज हेडफोन लावून ऐकावा. सहाव्या भागात तो फ्लॅशला नुसता हरवत नाही, तर मोडलेल्या अवस्थेत वर्तमानपत्राच्या कचेरीत आणि पोलीस ठाण्यात नेऊन सगळ्यांना दाखवतो. हरणं आणि अपमान यांतला फरक या मालिकेनं तिथं नेमका पकडलाय.

दोष आहेत. मधले सातआठ भाग ‘या आठवड्याचा गुन्हेगार’ या साच्यात अडकतात. आठव्या भागाची गोष्ट ‘ॲरो’ या दुसऱ्या मालिकेच्या चौथ्या सीझनच्या आठव्या भागात पूर्ण होते. हे माहीत नसेल तर माणूस अर्ध्यावर लटकतो. आणि झूमचं रहस्य ज्या पद्धतीनं उलगडतं, ते पहिल्या सीझनच्या फार जवळ जातं. मला हे सगळ्यात जास्त खटकलं, कारण एवढा भीतीदायक खलनायक हाताशी असताना जुना डाव पुन्हा टाकायची गरज नव्हती.

तरीही एकविसावा भाग चुकवू नये. केविन स्मिथनं दिग्दर्शित केलेला हा भाग म्हणजे अख्ख्या सीझनचं काळीज. गमावलेल्या आईनं लहानपणी वाचून दाखवलेलं डायनोसॉरचं पुस्तक, आणि ते आठवताना पहिल्यांदा मोकळा होणारा बॅरी. वेगाच्या गोष्टीत मालिका इथं थांबते आणि शोक करू देते.

आता लोकी. मी इचलकरंजीत वाढलो, भिंतीपलीकडं रात्रंदिवस यंत्रमाग. म्हणून या सीझनच्या केंद्रस्थानी असलेलं यंत्र मला बघताक्षणी कळलं : तो एक माग आहे. काळाचं कच्चं सूत आत जातं आणि त्याची कालरेषा विणून बाहेर पडते. पहिल्या सीझनच्या शेवटी काळाला असंख्य फांद्या फुटल्या, धागे एकदम वाढले, आणि माग ते पेलेना. आमच्याकडं धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा चालू. इथला माग थांबवता येत नाही. सगळा पेच एवढाच आहे आणि तो सहा भाग पुरतो.

हा माग सांभाळणारा ओबी, म्हणजे के ह्वी क्वान. तळघरात शतकानुशतकं एकटा बसून काळावर पहारा ठेवणाऱ्या सगळ्या कार्यालयाची यंत्रं दुरुस्त करणारा, तिथली मार्गदर्शिकाही स्वतःच लिहिलेला. मशीनचा आवाज ऐकून दोष सांगणारी अशी माणसं आपल्या उद्यमनगरात मी बघितलीत. इंजिनिअरिंगच्या पोराला हे पात्र जीव लावेल.

तिसरा भाग १८९३ च्या शिकागोतल्या जागतिक प्रदर्शनात घडतो. त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले होते. मालिकेत तो उल्लेख नाही, पण विजेचे दिवे आणि ती गर्दी बघताना आपल्या मनात तो येतोच.

इथंही सगळं नीट नाही. पहिले दोन भाग धावपळीचे आहेत, तांत्रिक शब्दांचा मारा होतो, आणि पहिल्या सीझनमध्ये बरोबरीनं उभ्या असलेल्या सिल्वीला, म्हणजे दुसऱ्या कालरेषेतल्या स्त्री-लोकीला, या वेळी कमी वाव मिळालाय. पण चौथ्या भागाच्या शेवटापासून जी पकड बसते ती सुटत नाही. लोकी झालेल्या टॉम हिडलस्टननं स्वतःच्या लाभासाठी जगणारा माणूस कणाकणानं बदललेला दाखवलाय, भाषण न देता. नॅटली होल्टचं संगीत शेवटच्या दहा मिनिटांत जे करतं ते शब्दांत सांगता येत नाही. ते दृश्य बघून मला गीतेच्या पंधराव्या अध्यायातला, मुळं वर आणि फांद्या खाली असलेला अश्वत्थ आठवला. का, ते बघितल्यावर कळेल.

भाच्याच्या घरी टीव्ही एकच, आणि रात्री जेवणं झाली की त्याची आजीही समोर बसते. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण निवड इथं ठरते. फ्लॅश घरात बसून बघायची मालिका आहे. जो वेस्ट नावाच्या पोलीस अधिकाऱ्यानं बॅरीला पोटच्या पोरासारखं वाढवलंय, आणि या सीझनमध्ये त्याच्यापासून दडवून ठेवलेला त्याचा सख्खा मुलगा दारात येतो. ही गोष्ट कुठल्याही आजीला भाषांतराशिवाय पोचते. एखादा भाग चुकला तरी चालतं. लोकी मध्येच ‘हा कोण रे?’ विचारलेलं खपवून घेत नाही. तो एकट्यानं, दिवा मालवून, फोन बाजूला ठेवून बघायचा.

निव्वळ कलाकृती म्हणून तोलायचं तर माझं माप लोकीकडं झुकतं, आणि बरंच झुकतं. त्यात एकही धागा वाया गेलेला नाही. फ्लॅशमध्ये बरेच जातात, पण त्या माणसांची सवय लागते, आणि सीझन संपला की घरातलं कुणीतरी गावाला गेल्यासारखं वाटतं.

तेव्हा भाच्या, येत्या शनिवारी लोकीचे पहिले तीन भाग, रविवारी उरलेले तीन. चौथ्यानंतर थांबू नकोस. जिओहॉटस्टारवर आहे. सोमवारपासून रात्री आजीबरोबर फ्लॅश, रोज दोन. वेळ अपुरा पडला तर पहिले सहा भाग, मग तेरा, चौदा आणि शेवटचे पाच बघ. एकविसाव्या भागाच्या रात्री मात्र आईलाही बोलावून घे.