हॉर्न दाबला की रेज वाढायची! डिझेल बुलेटचा घरगुती थ्रॉटल, सात महिन्यांनी

हॉर्न दाबला की गाडी पुढे उडी मारते, असला प्रॉब्लेम कुणाला आलाय का? मला आला, तोही नाशिकच्या द्वारका सर्कलला, संध्याकाळच्या गर्दीत, आणि पुढ्यात भाजीने भरलेला छोटा हत्ती. थोडक्यात वाचलो.

गाडी वडिलांची टॉरस, म्हणजे रॉयल एनफिल्डची डिझेल बुलेट. ३२५ सीसी, साडेसहा हॉर्सपॉवर. थ्रॉटलची (रेजची) केबल काढली ती हौस म्हणून नाही, माझं उजवं मनगट गेलंय. रोज सिडकोतून सातपूरला जायचं आणि गव्हर्नरची (इंजिनाचा स्पीड सांभाळणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग ओढून धरायची म्हणजे घरी येईस्तोवर चहाचा कप हातात धरवत नाही. म्हणून ई-स्कूटरची हॉल सेन्सरवाली ग्रिप (पिळली की चुंबकाने ओळखून व्होल्टेजचा सिग्नल देते), तो वाचायला एक नॅनो बोर्ड (छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड), लिव्हर ओढायला मेटल गिअरचा सर्वो (बोर्ड सांगेल तेवढीच फिरणारी छोटी मोटर) आणि १२ व्होल्टचे ६ करणारा कन्व्हर्टर, सगळं मिळून १८५० रुपये. केबल दोनशेत येते हे बायकोने तेव्हाच सुनावलं होतं.

पहिले दोन महिने काय मजा आली! ग्रिप लोण्यासारखी हलकी. डिझेलला पेट्रोलसारखी हवेची झडप नसते, इंजिनाच्या डिझेल इंजेक्शन पंपाचा लिव्हर फक्त स्पीड ठरवतो आणि डिझेल किती सोडायचं ते गव्हर्नर बघतो, त्यामुळे सर्वो जरा सुस्त असला तरी चालतं. पण याचीच दुसरी बाजू अशी की न्यूट्रलला लिव्हर बोटभर सरकला तरी इंजिन बोंबलायला लागतं.

आणि तो हॉर्न. शिवाय सिग्नलला उभं राहिलं की सर्वो सारखा किर्र किर्र करायचा. मी सगळा दोष सर्वोला दिला, दुकानदाराला शिव्या घातल्या, बोर्डाच्या कोडमध्ये ॲव्हरेजिंग (सिग्नलची सरासरी काढणं) टाकलं, किरकिर थोडी कमी झाली पण हॉर्नची उडी तशीच.

तिसऱ्या महिन्यात अंजनेरीच्या अलीकडे सर्वोचे दातेच गेले आणि लिव्हर अर्ध्यावर अडकला. चावी बंद केली तरी डिझेल थोडंच बंद पडतंय! चौथा गिअर, दोन्ही ब्रेक दाबून क्लच सोडला, तेव्हा कुठे गप झाली. दुकानदार म्हणे, वॉरंटी सात दिवसांची, त्यातून तुम्ही लोड जास्त दिला. नंतर तर फोनच उचलेना.

इथे मला मत बदलावं लागतंय. नवा सर्वो (आणखी ४५० गेले) लावूनही हॉर्नची उडी होतीच, तेव्हा मीटर लावून बघितलं. ग्रिपचं अर्थिंग मी हेडलाइटच्या डोममध्ये हॉर्नच्याच वायरला जोडलेलं! हॉर्न वाजला की त्या वायरवर व्होल्टेज पडायचं, ग्रिपचा सिग्नल तेवढा वर उचलला जायचा आणि बोर्डाला वाटायचं साहेबांनी रेज दिली. ग्रिपची काळी वायर वेगळी थेट बोर्डापर्यंत नेली, उडी गायब. खर्च वीस रुपये. जिथे जोडली होती ते टोक ढिलंही होतं, किरकिर त्याचीच, आणि दाते झिजले ते बहुतेक त्या किरकिरीनेच. म्हणजे चूक माझी. फोन न उचलणं मात्र माझ्या अर्थिंगमुळे नव्हतं, त्यामुळे दुकानाला रेटिंगमध्ये दिलेला एक स्टार तसाच ठेवतोय.

आता चार महिने झाले, पाऊसही निघाला, मनगट बरंय, ॲव्हरेज आहे तेवढंच आहे.

बोर्डाचा कोड कुणाला हवा असेल तर आधी ही कामं करा. लिव्हरला वेगळी रिटर्न स्प्रिंग लावा आणि सर्वोचा सप्लाय काढून बघा, लिव्हर आपोआप आयडलला (रेज न देता इंजिन चालतं त्या जागी) आला पाहिजे. दुसरं, या ग्रिपचा सिग्नल साधारण ०.८ ते ४.२ व्होल्ट असतो, तिची काळी वायर तुटली तर तो थेट ५ कडे जातो, म्हणजे फुल रेज. साडेचारच्या वर काही आलं की कोडने सरळ आयडलला आणायचं. आणि पंपाच्या स्टॉप लिव्हरला एक जुनी सायकलची ब्रेक केबल बांधून हँडलवर आणा. ती मी अंजनेरीनंतर बांधली.