‘बॉक्स तुमचाच आहे, काका’: सेट टॉप बॉक्सच्या नावाखाली आमच्या गल्लीत काय झालं

२०१५ च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या आमच्या नगरपालिकेच्या गावात केबलवाल्याने घरटी १,८०० रुपये गोळा केले, सेट टॉप बॉक्सचे म्हणून. आई-आप्पांनीही दिले. बॉक्स बसला, चित्र स्वच्छ दिसू लागलं, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. काय झालं होतं ते कळायला २०१९ साल उजाडावं लागलं. असे बॉक्स अजून हजारो घरांत टीव्हीखाली पडून असतील, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी हे सांगते की जुनं केबल बंद होऊन बॉक्स बसवायची मुदत खरी होती. केबल डिजिटल करण्यासाठीचा कायदा २०११ मध्ये बदलला. मुंबईसह चार महानगरांतलं, बॉक्सशिवाय थेट वायरने येणारं अ‍ॅनालॉग केबल ३१ ऑक्टोबर २०१२ ला बंद व्हायचं होतं, पुणे-नाशिक-नागपूरसारख्या मोठ्या शहरांतलं मार्च २०१३ अखेर, आणि आमच्यासारख्या उरलेल्या शहरी भागाला ३१ डिसेंबर २०१५ ची तारीख होती. टीव्हीवर खाली सारखी पट्टी धावायची. आप्पा सकाळी पेपर आणि संध्याकाळी बातम्या न चुकवणारे, त्यांना हे सगळं माहीत होतं. म्हणूनच दारात आलेल्या माणसावर विश्वास बसला. तारीख खरी, नियम खरा, आणि त्याच्या आडून खिसा कापला गेला.

दारात आलेला माणूसही परका नव्हता. दर महिन्याला केबलचे पैसे न्यायला येणारा पोरगाच होता, सोबत पिशवी घेऊन आणखी एक. “काका, एकतीस तारखेला रात्री टीव्ही काळा पडणार. सरकारचा नियम आहे. एकदाच पैसे भरायचे, मग बॉक्स तुमचाच.” आप्पांनी पावती मागितली. “पावतीबुक संपलंय काका, गावभर हेच चाललंय. कार्डावर लिहून देतो ना.” महिन्याच्या वसुलीचं ते पिवळं कार्ड आईने अजून जपून ठेवलंय. डिसेंबरच्या चौकोनात बॉलपेनने ‘बॉक्सचे मिळाले’ आणि शेजारी एक वेडीवाकडी सही. रक्कम नाही, बॉक्सचा नंबर नाही, कंपनीचं नाव नाही. कसलाही फॉर्म भरून घेतला नाही. बॉक्सला खोकं नव्हतं, वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता, आणि रिमोट भलत्याच कंपनीचा.

त्याच आठवड्यात समोरच्या काकूंना एका दुकानदाराने सांगितलं की डिजिटल आलं की जुना डबा टीव्ही निकामी होणार. त्यांनी हप्त्यावर एलईडी घेतला. ही शुद्ध थाप होती. मागे पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जागा असलेला कुठलाही जुना टीव्ही बॉक्सवर चालतो. आमचा पुढे कितीतरी वर्षं चालला.

मग फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची, म्हणजे केबल-फोनवर देखरेख करणाऱ्या सरकारी नियामक संस्थेची, नवी पद्धत आली. १३० रुपये अधिक जीएसटी या मूळ भाड्यात शंभर चॅनेल, आणि पैसे भरायची चॅनेल ज्याने त्याने निवडायची. आमच्या केबलवाल्याने कुणालाही न विचारता सगळ्या गल्लीला एकच महागडा पॅक लावला. आईला मराठी मालिका आणि बातम्या सोडून काही लागत नाही, म्हणून केबलवाला ज्या मोठ्या कंपनीचे चॅनेल आणि बॉक्स देतो, तिच्या हेल्पलाइनला मीच फोन लावला. त्यांनी बॉक्सच्या कार्डाचा नंबर विचारला. बॉक्स उलटा करून, धूळ पुसून, खालच्या स्टिकरवरचा नंबर वाचून दाखवला. पलीकडची मुलगी थोडा वेळ गप्प झाली आणि म्हणाली, “मॅडम, हे कनेक्शन तुमच्या वडिलांच्या नावावर नाहीये.”

नाव कुणा तिसऱ्याचंच. पत्ता गावाच्या दुसऱ्या टोकाचा. मोबाइल नंबर केबलवाल्याच्या ऑफिसचा. बॉक्स भाड्याचा अशी नोंद, आणि आमच्याकडे येण्याच्या बऱ्याच आधीपासून तो चालू होता. म्हणजे वापरलेला बॉक्स नवा म्हणून विकला, आणि तोही विकायचा त्याला हक्क नव्हता. अठराशे रुपयांची कंपनीकडे नोंदच नाही.

ऑफिसात गेलो तर उत्तर तयार होतं: “ते अ‍ॅक्टिव्हेशनचे होते.” बॉक्स तुमचाच असं कोण म्हणालं होतं विचारलं, तर तो पोरगा आता कामावर नाही. शेजारच्या घराने कंटाळून डिश बसवली, तेव्हा त्यांचा बॉक्स उचलून नेला, पैसे परत मागितल्यावर “कंपनीची मालमत्ता आहे, केस होईल” अशी धमकीही दिली. सत्तरीच्या बाईला! याचा मला आजही संताप येतो.

हे असं का करता येतं, ते नीट समजून घेतल्याशिवाय यातून सुटका नाही. अ‍ॅनालॉगमध्ये घरात फक्त वायर यायची. जोडण्या किती, हे केबलवाला सांगेल ते. डिजिटलमध्ये प्रत्येक बॉक्स कंपनीच्या कॉम्प्युटरला दिसतो, आणि तो कुणाचा हे ग्राहकाने सही केलेल्या फॉर्मवरून ठरतं. मुदत गाठायच्या घाईत कंपन्यांनी केबलवाल्यांना गठ्ठ्याने बॉक्स दिले, फॉर्म मागाहून. मधल्या फटीत मनाला येईल ती नावं भरली गेली. बॉक्स विकत, हप्त्याने किंवा भाड्याने घेण्याची सोय नियमांत आहे. भाड्याचा असेल तर अनामत परत मिळायला हवी. आणि अ‍ॅक्टिव्हेशनचं म्हणाल तर ट्रायच्या २०१७ च्या नियमांत त्याला शंभर रुपयांची कमाल मर्यादा होती, बसवण्याला साडेतीनशेची; २०२४ मध्ये ती उठली. आमचे पैसे २०१७ च्या आधीचे असले, तरी अठराशे कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. विकत घेतलेला असला तरी एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या केबलवर चालत नाही, हेही कुणी आधी सांगत नाही.

गल्लीतल्या घरांनी मिळून कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला (हेल्पलाइनवर न सुटलेल्या तक्रारी पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) लेखी तक्रार केली, सोबत प्रत्येक बॉक्सच्या स्टिकरचा फोटो. नावं दुरुस्त झाली. पैसे मात्र एकाच घराचे सुटले: निवृत्त गुरुजींचे. त्यांनी २०१५ मध्ये रोख द्यायला साफ नकार देऊन केबलवाल्याच्या धंद्याच्या नावाने चेक दिला होता. बँकेच्या पासबुकातली ती एक ओळ दाखवल्यावर त्यांचे अठराशे पुढच्या बिलांत वळते करून दिले. बाकीच्यांकडे पिवळी कार्डं होती, त्यांना कुणी विचारलं नाही.

तेव्हा आज उठून बॉक्स उलटा करा, नंबर टिपून घ्या आणि थेट कंपनीला विचारा: नाव कुणाचं, मोबाइल कुणाचा, बॉक्स विकतचा की भाड्याचा. फॉर्मची प्रत मागा. ट्राय एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी स्वतः सोडवत नाही, त्यामुळे आधी कंपनी, मग नोडल अधिकारी, तिथेही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ किंवा जिल्हा ग्राहक आयोग.

आता खेड्यांत याच मापाची दुसरी टोपी घातली जातेय. दूरदर्शनचे अ‍ॅनालॉग टॉवर टप्प्याटप्प्याने बंद झाले, त्यामुळे अनेकांनी डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची छत्रीवरची मोफत सेवा, घेतली. माझ्या मावशीकडे एक जण वर्षाच्या ‘रिचार्ज’चे पाचशे मागायला आला होता, गळ्यात ओळखपत्र वगैरे अडकवून. फ्री डिशला ना महिन्याचं भाडं आहे, ना वर्षाचा रिचार्ज. छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच, तोही बाजारातल्या दुकानात बिल घेऊन करायचा. मावशीने त्याला अंगणातच उभं केलं आणि माझ्याशी फोनवर बोल म्हणाली. तो फोन हातात न घेताच निघून गेला, पण त्याच दुपारी वाडीतल्या चार घरांतून पैसे घेऊन गेला होता.