मुंबई-पुणे रेल्वे: काही महिने वापरल्यावर (आणि वंदे भारत करून आल्यावर)

मागच्या आठवड्यात सीएसएमटीवरून वंदे भारतने पुण्याला आलो, तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय म्हणून लिहायला बसलो. गाडी मस्त आहे, सीट, एसी, स्वच्छता, नाव ठेवायला जागा नाही. पण वेळ? तीन तासांच्या आसपास. डेक्कन क्वीन सव्वातीन तासांत पोचवते. मग एवढं जास्तीचं भाडं नेमकं कशाचं द्यायचं?

गेले काही महिने माझं मुंबई-पुणे सतत चालू आहे, बहुतेक वेळा टू-एसमध्ये (सेकंड सिटिंग, म्हणजे बसून जायचा साधा राखीव डबा), शंभरेक रुपयांत. शिवनेरी झाली, शेअर कॅब झाली, रेल्वेच्या जवळपास कोणी येत नाही. फक्त कर्जत आलं की माझं डोकं सटकायचं. गाडी थांबणार, मागे बँकर, म्हणजे घाटात मागून ढकलणारी जास्तीची इंजिनं लागणार, शेवटच्या डब्यात असाल तर जोडताना बसलेला धक्का पाठीला कळतो, खिडकीतून वडापावची देवाणघेवाण, हातातलं सुट्टं मोजून होईपर्यंत गाडी हलते आणि विकणारा पोरगा बरोबर पळतो. मग लोणावळ्याला परत थांबायचं, बँकर काढायला. चढच तसा आहे, 37 ला 1 (37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर), त्यामुळे मागून ढकलल्याशिवाय गत्यंतर नाही हे कळतं, पण दर खेपेला वाटायचं की हे बँकर गेले की काम झालं.

आता वंदे भारतला बँकर लागत नाहीत, मोटरी डब्यांखालीच असतात, ती आपली आपण चढते. तरी वाचली किती, तर दहा-पंधरा मिनिटं! तेव्हा बँकरवरचा माझा राग गेला. कल्याणपर्यंत लोकलच्या गर्दीतून वाट काढत जायचं आणि पुढे घाटात वळणं, बोगदे, चढ, वेग धरायला जागाच नाही. गाडी कुठलीही आणा, रूळ तेच.

जुन्या लोकांनी हे ओळखलं होतं. 1863 मध्ये बोरघाट, म्हणजे हाच कर्जत-लोणावळ्याचा रेल्वे घाट, सुरू झाला तेव्हा खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं, गाडी थांबवायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट्या दिशेने पुढे निघायचं. नवे बोगदे खणून 1929 मध्ये ती भानगड मिटवली, त्याच वर्षी कल्याण-पुणे मार्ग विजेवर आणला आणि मग 1 जून 1930 ला डेक्कन क्वीन सोडली. आधी घाट, मग गाडी. आपण नेमकं उलटं करतोय, डबे बदलतो, काचेचं छप्पर लावतो (व्हिस्टाडोम पावसाळ्यात एकदा कराच, धबधबे काय दिसतात!) आणि घाट तसाच ठेवतो.

पनवेल-कर्जत नवीन मार्गाकडून मला खरंच आशा आहे. वावर्ल्याचा बोगदाच अडीच किलोमीटरच्या वर आहे, कल्याणचा वळसा टळेल. पण कर्जतच्या पुढे काय? तोच घाट! पुण्यावरून जाणाऱ्या मुंबई-हैदराबाद बुलेट ट्रेनची चर्चा ऐकतोच आहे, ती होईल तेव्हा होवो, पण तिचं तिकीट रोज ये-जा करणाऱ्या पासवाल्याला परवडेल असं मला वाटत नाही. त्याच्यासाठी कमी चढाची नवी घाट लाईनच पाहिजे, मालगाड्यांचंही भलं होईल.

तोपर्यंत माझं ठरलंय. एकटा असेन तर डेक्कन क्वीन नाहीतर इंद्रायणी, टू-एस. आई-बाबा सोबत असतील तरच वंदे भारत.