अडेनियम की हत्तीपाय?

फुगीर बुंध्याचं झाड हवं असेल तर नर्सरीत पहिल्यांदा हाती येतं ते अडेनियम. मूळचं आफ्रिका-अरबस्तानातलं, त्यामुळे आपला एप्रिल-मे त्याला मानवतो. मात्र बी पासून वाढवलेलंच रोप घ्या. फांदीपासून केलेल्याचा बुंधा सहसा तसा फुगत नाही. दर एक-दोन वर्षांनी कुंडी बदलताना रोप थोडं वर उचलून लावलं की जाड मुळं उघडी पडतात आणि खरी मजा येते. छाटताना हातमोजे घाला, चीक विषारी असतो.

हत्तीपाय, म्हणजे डायोस्कोरिया एलिफंटिपेस, दक्षिण आफ्रिकेतला. आपल्या कोनफळाचा भाऊबंद! कंदावर कासवाच्या पाठीसारख्या भेगाळलेल्या ढलप्या, वर बदामाच्या (हृदयाच्या) आकाराच्या पानांचा नाजूक वेल. फुलं बेतास बात. पण याचं घड्याळ उलटं: वाढ थंडीत, झोप उन्हाळ्यात. म्हणजे आपल्या पावसाळ्यात कंद झोपलेला, आणि भिजला की सडलाच. कोकणात तर छपराखालीच ठेवावा. वाढतोही अतिशय सावकाश.

गच्चीवर ऊन असेल, फुलं हवी असतील, तर अडेनियमच. वेल वाळल्यावर पाण्याची झारी महिनोन्महिने दूर ठेवणं जमत असेल, तर मी हत्तीपाय निवडेन.