लिनक्स मिंट २२ सिनॅमन: संगणकाचं फारसं न कळणाऱ्यांसाठी, काही महिन्यांच्या वापरानंतर

ईमेल, ब्राउझर, व्हिडिओ कॉल, फोटो आणि अधूनमधून एखादं पत्र, एवढ्यापुरता लॅपटॉप वापरणाऱ्यांना द्यायचं मोफत लिनक्स (विंडोजऐवजी बसवायची कार्यप्रणाली) म्हटलं की आता पहिलं नाव मिंट २२चंच. सिनॅमन या त्याच्या डेस्कटॉपवर खाली डावीकडे मेन्यू, उजवीकडे वायफाय आणि घड्याळ, खिडक्यांची बटणं सवयीच्या जागी. शिकवायला फारसं काही उरत नाही. उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर आधारलेलं असल्यामुळे सुरक्षा अपडेट २०२९पर्यंत मिळतील. पण नुसतं बसवून हातात दिलं तर माणूस अडतो, आणि अडतो ते मध्येच उगवणाऱ्या प्रश्नांपाशी. ते प्रश्न येणारच नाहीत अशी मांडणी पहिल्याच दिवशी करून द्यावी लागते.

सगळ्यात घाबरवणारा प्रश्न कीरिंगचा. इन्स्टॉल करताना आपोआप लॉगिन निवडलं असेल, तर क्रोमसारखा ब्राउझर उघडताच चौकट येते: लॉगिन कीरिंग उघडलेलं नाही, पासवर्ड द्या. आपलं खातं कुणीतरी हॅक केलं, असंच वाटतं. कारण साधं आहे. साठवलेले पासवर्ड ज्या कुलपात (कीरिंगमध्ये) असतात ते लॉगिनच्या पासवर्डनेच उघडतं. आपोआप लॉगिनमध्ये तो कुणी टाइपच करत नाही. उपाय दोन. एकतर आपोआप लॉगिन बंद करा. नाहीतर ‘पासवर्ड्स अँड कीज’ उघडा (सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये ‘सीहॉर्स’ नावाने मिळतं), ‘लॉगिन’वर राइट-क्लिक करून पासवर्ड बदला आणि नवा रिकामा ठेवा. मात्र त्यानंतर साठवलेले पासवर्ड डिस्कवर उघडे राहतात. बाहेर नेण्याच्या लॅपटॉपवर हे करू नका.

खालच्या पट्टीतली अपडेटची ढाल (चिन्ह) पाहून ‘दाबू का?’ असं विचारायची वेळ यायला नको. अपडेट मॅनेजर → एडिट → प्रेफरन्सेस → ऑटोमेशन इथे आपोआप अपडेट आणि जुने कर्नल (प्रणालीचा गाभा) काढणं, दोन्ही चालू करा. दुसरं विसरलं की जुने कर्नल साठत जातात. डिस्क एन्क्रिप्ट (पासवर्डने कुलूपबंद) केली असेल तर कर्नल ठेवायचं वेगळं, छोटं बूट विभाजन भरतं आणि अपडेट अडकतात. इथे एक गोष्ट आधी सांगून ठेवावीच. फायरफॉक्स उघडा असताना मागे अपडेट झाला, तर नवा टॅब पान न दाखवता ब्राउझर पुन्हा सुरू करायला सांगतो. बिघाड नाही, बटण दाबायचं. लॅपटॉपचं नुसतं झाकण लावणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा तरी रीस्टार्ट करावा, नाहीतर नवा कर्नल लागूच होत नाही.

ऑटोमेशनच्या आधी टाइमशिफ्ट (बिघडल्यास प्रणाली आधीच्या स्थितीत नेणारं साधन) लावा. आरसिंक पद्धत (फाइलींच्या प्रती करणारी) निवडा, रोजच्या दोन प्रती, आठवड्याची एक. छोट्या डिस्कला एवढं पुरे. प्रती ठेवायला ईएक्सटी४सारखी लिनक्सची फाइल सिस्टिम लागते. नेहमीचा फॅट३२ पेनड्राइव्ह चालत नाही. आणि टाइमशिफ्ट मुळात होम फोल्डर (आपल्या फाइली असतात तो) वगळतं. डिलीट झालेले फोटो त्यातून परत येत नाहीत, त्यांचा बॅकअप वेगळा घ्या.

कागदपत्रांत लिब्रेऑफिस चांगलं काम करतं, पण ओडीटी (लिब्रेऑफिसचं मूळ फॉरमॅट) फाइल पाठवली की समोरचा गोंधळतो. टूल्स → ऑप्शन्स → लोड/सेव्ह → जनरलमध्ये नेहमीचं फॉरमॅट वर्डचं करून टाका. आलेल्या फाइलची पानं सरकत असतील तर बहुतेकदा फॉन्टमुळे: कॅलिब्री, कॅम्ब्रिया मिंटमध्ये नसतात. कार्लिटो आणि कॅलाडिया हे फॉन्ट घाला. अक्षरांची रुंदी तंतोतंत जुळते, त्यामुळे ओळी जागच्या जागी राहतात. मंगल या देवनागरी फॉन्टला असा जुळा नाही, म्हणून मराठी मजकूर थोडा हलतोच. पक्की मांडणी हवी असेल तर पीडीएफ मागवा.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड → लेआउट्समध्ये ‘मराठी (कागापा, फोनेटिक)’ जोडा आणि भाषा बदलायची कळ तिथेच ठरवा. यात हलंत ‘एफ’वर आहे, म्हणजे ‘व्य’साठी व्ही-एफ-वाय. रोमनमध्ये शब्द लिहिला की आपोआप मराठी होण्याची सवय असलेल्यांना हे सुरुवातीला जड जातं. कळांचा तक्ता छापून शेजारी ठेवा.

प्रिंटर ही एकच बाब नशिबावर सोडू नये. वायफायवरचे, एअरप्रिंट चालणारे प्रिंटर ड्रायव्हरशिवाय आपोआप दिसतात, बऱ्याच मल्टिफंक्शन यंत्रांचं स्कॅनिंगही चालतं. स्वस्त यूएसबी लेझरांपैकी काहींना कंपनीचाच ड्रायव्हर लागतो, आणि लिनक्ससाठी तो नसेल तर कितीही खटपट करा, कागद बाहेर येत नाही. म्हणून डिस्कला हात लावण्याआधी लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता, मिंट चालवा आणि त्याच प्रिंटरवर एक पान काढून बघा.